बाइक टेम्पोत चढवताय? ओरखडा आणि अपघात टाळण्याचे घरगुती उपाय

चिकलठाणा एमआयडीसीतली नोकरी सोडून चाकणला जॉइन व्हायचंय, किंवा मुकुंदवाडीतली रूम सोडून सगळं सामान गावी न्यायचंय. गाद्या, कूलर, भांडी छोट्या हत्तीत भरून होतात आणि शेवटी उरते बाइक. पुण्यापर्यंत सुमारे २३५ किलोमीटर चालवत नेण्यापेक्षा टेम्पोतच टाकू, असं ठरतं. मग चार पोरं मिळून "एक, दोन, तीन" म्हणत गाडी उचलतात. कुणाचा तरी हात निसटतो आणि टाकीला पोचा पडतो. कधी गाडीखाली पाय सापडतो.

हप्ते अजून बाकी असलेल्या गाडीचं असं व्हायला नको ना? मग बाइक उचलू नका, फळीवरून ढकलत चढवा. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरात किंवा पंक्चरच्या दुकानात मिळतात.

फळी किती लांब हवी?

आधी फाळका उघडून जमिनीपासून हौद्याची उंची टेपने मोजा. समजा ती अडीच फूट आली आणि बाइकचं वजन १२० किलो आहे. आता उंचीला फळीच्या लांबीने भागा आणि उत्तराला वजनाने गुणा. ढकलायला साधारण किती जोर लागेल, ते कळतं.

- ५ फुटी फळी: चढ ३० अंश, जोर सुमारे ६० किलोचा
- ८ फुटी फळी: चढ १८ अंश, जोर सुमारे ३८ किलोचा
- १० फुटी फळी: चढ साडेचौदा अंश, जोर सुमारे ३० किलोचा

म्हणजे फळी दुप्पट लांब केली की जोर निम्म्यावर येतो. लांब फळी मिळत नसेल तर टेम्पोची मागची बाजू एखाद्या ओट्याला किंवा उंचवट्याला लावा. ओटा एक फूट उंच असेल तर चढायची उंची दीड फूटच उरते.

चढ मोजायला फोन वापरा

तुमच्या फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला ओढतंय हे त्याला कळतं, म्हणून फोन किती कलला आहे तेही सांगता येतं. आयफोनच्या 'मेजर' अ‍ॅपमध्ये लेव्हलची सोय आहे. काही अँड्रॉइड फोनमध्ये ती कंपास अ‍ॅपमध्येच मिळते, नाहीतर प्ले स्टोअरवर 'बबल लेव्हल' शोधा. फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे आकडा चुकतो. म्हणून तो लांब कडेवर उभा धरून फळीला टेकवा. आकडा २० अंशांच्या खाली आला तर दोघांना गाडी सांभाळून चढवता येते.

चढवताना

१. फळीचं वरचं टोक टेम्पोच्या हुकाला दोरीने घट्ट बांधा. चाक वर चढताना फळी मागे सरकते आणि गाडी पडते. हे बांधणं विसरायचं नाही.

२. शेजारी दुसरी फळी टाका. एकीवर बाइक, दुसरीवर हँडल धरणारा माणूस. फळी ओली असेल तर वर बारदान गुंडाळा, म्हणजे पाय घसरणार नाही.

३. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. क्लच दाबला की गाडी सरकते, सोडला की मागचं चाक अडतं. मध्येच दमलात तर क्लच सोडा. स्कूटरला गिअर नसतो, तिथे डावा म्हणजे मागचा ब्रेक वापरा.

४. दुसऱ्याने मागून पण थोडं बाजूला राहून ढकलायचं. गाडीच्या थेट मागे उभं राहायचं नाही. इंजिन चालू करून फळीवर गाडी चढवण्याची हिरोगिरी तर नकोच.

घासणं थांबवा

परदेशात पॉन्टून बोट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, ट्रेलरवर घेताना लोक दोन साधे उपाय करतात. नळ्या ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकतात, त्यांना कार्पेट लावतात. ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना उभे पाइप बसवतात, म्हणजे बोट वाकडी न जाता सरळ आत येते. आपल्यालाही हेच करायचंय: गाडी सरळ आत न्यायची आणि जिथे टेकेल तिथे मऊ काहीतरी ठेवायचं.

- आधी बाइक धुवून कोरडी करा. धूळ राहिली तर वरचं कापड सँडपेपरसारखं घासतं.
- सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावरच त्याला कापड किंवा बबल रॅप गुंडाळा.
- हौद्याच्या कडेला जुनी गोधडी किंवा पुठ्ठा लावा.
- पट्टा रंगाला टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा.
- सैल कव्हर घालू नका. वाऱ्याने फडफडून तेच ओरखडे पाडतं.

बांधायचं कसं?

स्टँडवर उभी करून बांधली तर खड्ड्यात गाडी उडते आणि स्टँडवर ताण येतो. स्टँड वर घ्या, दोन्ही चाकं हौद्यावर टेकवा आणि पुढचं चाक समोरच्या भिंतीला लावा. मग चार दिशांना चार पट्टे. पुढचे दोन हँडलखालच्या मजबूत लोखंडी भागाला, मागचे दोन फ्रेमला. इंडिकेटर, आरसा, ब्रेकची वायर किंवा प्लास्टिकला काहीही बांधू नका. पुढचा शॉकअप अर्धा दबेपर्यंतच ताणा. पूर्ण दाबला तर त्याच्या सीलवर ताण येऊन तेल गळू शकतं. सुतळी किंवा साधी नायलॉन दोरी वाटेत सैल पडते. रॅचेट पट्टा वापरलात तर उत्तम. दहा-पंधरा किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे तपासा.

निघण्याआधी

चारही बाजूंचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा छोटा व्हिडिओ काढा. तो टेम्पोवाल्या दादांना तिथेच व्हॉट्सअ‍ॅप करा. उतरवल्यावर पुन्हा तसेच फोटो काढा. ओरखडा नवा की जुना, यावरून वाद होत नाही. टाकीत पेट्रोल कमीच ठेवा. रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसीची प्रत आणि ओळखपत्रही सोबत ठेवा.

उतरवतानाही फळी बांधूनच गाडी खाली घ्या. पोचल्यावर सगळ्यांना घाई असते, तेव्हाच जास्त जपायचं.