बाटलीत काय आहे, ते आधी वाचा

“शेजारच्या अण्णांकडनं थोडं आणलंय. गवताचं औषध सगळं एकच असतंय, आणि ते गवतालाच मारतंय. माणसाला काय हुतंय त्यानं?”

कोल्हापूरजवळच्या उचगावात पावसाळा लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं. गांधीनगर, सरनोबतवाडी, उचगाव या पट्ट्यात उसाचे फड आणि बंगल्यांचे प्लॉट एकमेकांना खेटून आहेत. दोन पाऊस झाले की पेव्हिंग ब्लॉकच्या फटीतून हराळी, कंपाउंडच्या कडेनं गाजर गवत आणि मोकळ्या प्लॉटात लव्हाळा वर येतो. शेजारी उसाचं रान असतं, रानमालकाच्या घरात अर्धा डबा उरलेला असतो, आणि तो पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून बंगल्यात पोचतो. घरगुती तणनाशक अशी वेगळी वस्तू आपल्याकडे जवळपास नाहीच. घरात येतं ते शेतातलंच, फक्त लेबल मागे ठेवून.

वरच्या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे सगळं एकच असतं ही समजूत. कृषी सेवा केंद्राच्या एकाच फळीवर ग्लायफोसेट, पॅराक्वाट, 2,4-डी, मेट्रिब्युझिन, ॲट्राझिन असे पाचसहा वेगळे पदार्थ उभे असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं एकमेकांशी काही नातं नसतं. 2,4-डी हे वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं आणि रुंद पानांची झाडं वेडीवाकडी वाढवून मारतं. ऊस आणि हराळी दोन्ही गवतवर्गातले, म्हणून उसात ते चालतं. तेच अंगणात मारलं तर हराळी जिवंत राहते आणि कुंडीतली तुळस, परसातली वांगी-टोमॅटो यांची पानं वळून झाड वाया जातं. ॲट्राझिन मातीत महिनोन्महिने टिकतं. यंदा प्लॉटात ते पडलं, तर पुढे तिथे मेथी-कोथिंबीर का उगवत नाही याचं कोडं सुटत नाही. ग्लायफोसेट पानातून शिरून मुळापर्यंत उतरतं आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होण्याचा मार्गच बंद करतं. पॅराक्वाट यातलं काहीच करत नाही. ते पानाला लागेल तिथे, उन्हाच्या मदतीनं, पेशी जाळत सुटतं.

आता दुसरी चूक, माणसाला काही होत नाही ही. ग्लायफोसेटबाबत तिच्यात अर्धं सत्य आहे. ते वनस्पतीचा जो मार्ग अडवतं तो माणसाच्या शरीरात नसतो, हे खरं. पण डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं. नेहमीच्या डब्यावर 41 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे उरलेल्या भागात पाणी आणि पानावर द्रावण पसरून चिकटावं म्हणून घातलेली साबणासारखी द्रव्यं असतात. त्यातलं पॉलिएथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन हे द्रव्य माणसाच्या आणि माशांच्या दृष्टीनं खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक निघालं, म्हणून युरोपीय संघानं 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून ते काढायला लावलं. डब्यातलं हे द्रावण पोटात गेल्यानं माणसं दगावलेली आहेत.

आणि पॅराक्वाटबाबत तर त्या वाक्यात सत्याचा कणही नाही. मला चीड येते ती इथे. पॅराक्वाटवर उतारा नाही. कोल्हापुरात नाही, मुंबईत नाही, जगात कुठेच नाही. पोटात गेल्यावर ते फुप्फुसांच्या पेशींत ओढून घेतलं जातं आणि तिथे साठत जातं. घोटभर प्यालेला माणूस पहिल्या दिवशी शुद्धीत असतो, बोलतो, तोंडात आणि घशात जळजळ होतेय एवढीच तक्रार करतो. घरच्यांना वाटतं, वाचला. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू लागतात, फुप्फुसं आतून घट्ट होत जातात आणि श्वास तुटत जातो. युरोपीय संघात 2007 पासून ते चालत नाही. केरळनं 2011 मध्ये बंदी घातलेल्या कीडनाशकांत पॅराक्वाट होतं. महाराष्ट्रात ते दुकानात मिळतं.

मग अंगणासाठी लोक तेच का आणतात? कारण ते लवकर दिसतं. सकाळी मारलं की संध्याकाळी पान करपलेलं असतं, आणि आपल्याकडे औषधाची जात त्यावरून ठरते. ग्लायफोसेटला आठवडा-पंधरवडा लागतो, तोवर “माल डुप्लिकेट दिला” म्हणून दुकानदाराला बोलून झालेलं असतं. पण करपलेल्या हराळीची एक काडी उपटून बघा. वरचं पान तपकिरी कुरकुरीत झालेलं असतं. मातीखालचं धावतं खोड मात्र पांढरं, टणक, रसरशीत असतं, आणि त्याच्या प्रत्येक पेरावर टोकदार कोंब तयार असतो. पॅराक्वाट तिथवर पोचतच नाही. थोड्याच दिवसांत तीच हराळी पुन्हा वर येते. म्हणजे सगळ्यांत जहाल विष घरात आणून गवत फक्त भादरलं जातं.

यावर कुणी म्हणेल, आम्ही पितोय कुठं? पिण्यासाठी कुणीच आणत नाही. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं गडद पाणी नळाच्या कट्ट्यावर राहतं, घरात पोर असतं, तहानलेला गडी असतो. पॅराक्वाटमध्ये उग्र वासाचं, रंगाचं आणि ओकारी आणणारं द्रव्य मुद्दाम घालतात, ते याच अपघातांसाठी. इतकी काळजी बनवणाऱ्यांना घ्यावी लागते ते द्रावण आपण बिनलेबलाच्या बाटलीत ओततो. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याखालचे नियम 1971 चे. तणनाशकंही त्यातच येतात, आणि सुटी, लेबलाशिवायची विक्री त्यात बसत नाही. शेजाऱ्यानं माणुसकीनं फुकट दिलेली बाटली कुठलाच निरीक्षक पकडणार नाही. ती आपणच नाकारायची.

लेबलाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. विषबाधेचा रुग्ण आला की श्वासाला आधार म्हणून सहज ऑक्सिजन लावला जातो. पॅराक्वाटमध्ये तोच ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवू शकतो, म्हणून रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण फार घसरल्याखेरीज डॉक्टर तो देत नाहीत. हा निर्णय पहिल्या काही मिनिटांत घ्यायचा असतो, आणि तो घ्यायला बाटलीत काय होतं हे कळावं लागतं. “गवताचं औषध” एवढं उत्तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात कुणाच्या कामाचं नाही. असं काही घडलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, कारण जाळणारं द्रव्य त्याच घशातून परत वर येतं. 108 ला फोन करा आणि मूळ डबा सोबत न्या. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरांना आणि नातेवाइकांना दोघांनाही सल्ला देतं.

लेबलावर नाव वाचायचं ते बारीक अक्षरातलं. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, ते बदलत राहतं. त्याखाली घटकाचं नाव आणि टक्केवारी असते, तीच खरी ओळख. शेजारी तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग भरलेला असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग फक्त एकदाच पोटात किंवा कातडीवाटे गेल्यावर किती मात्रेत जीव जाऊ शकतो यावरून, उंदरांवरच्या चाचण्यांतून ठरतो. उतारा आहे की नाही हे तो सांगत नाही. पॅराक्वाटचा चौकोन लाल नाही, पिवळा आहे. हिरवा म्हणजे निर्धोक, हा या रंगांतूनच निघालेला गैरसमज.

ग्लायफोसेटनं कॅन्सर होतो, हे विधान आता व्हॉट्सॲपवर सिद्धान्त म्हणून फिरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मार्च 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ या 2अ गटात टाकलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. लाल मांसही त्याच गटात आहे. 2016 मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त बैठकीनं अन्नातल्या अंशांमुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही असं म्हटलं, आणि 2023 मध्ये युरोपीय संघानं परवाना दहा वर्षांनी वाढवला. वाद मिटलेला नाही. ताटातल्या अंशाची आणि आठवड्याला पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराची गोष्ट एकच धरू नये, एवढं मात्र पक्कं. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानं ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला, तो माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचं कारण देऊन. हे उचगावातल्या कितीतरी घरांना माहीतच नाही. डबा दुकानात दिसतो म्हणजे कुणीही मारावा, असं नसतं.

रसायन नको म्हणणारे मग मिठाकडे वळतात. व्हिडिओत मीठ, व्हिनेगर आणि भांड्याचा साबण एका बादलीत ढवळतात आणि त्याला नैसर्गिक म्हणतात. या लोकांना मी शिरोळला जाऊन या म्हणेन. तिथे जादा पाण्यानं क्षार वर येऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली. जमिनीखाली सच्छिद्र पाइपा गाडून, वर्षानुवर्षं पाणी बाहेर काढून ती सुधारण्याची कामं शेतकरी आणि तिथला दत्त साखर कारखाना करत आहेत. काळ्या मातीत सोडियम शिरला की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. गवत मरतं खरं, पण त्या जागी दुसरंही काही येत नाही, आणि मीठ कुजून नाहीसं होत नाही. शिवाय मिठातला क्लोराइड काँक्रीटमधून आतल्या सळीपर्यंत पोचून ती गंजवतो. कंपाउंडच्या भिंतीच्या पायाशी मीठ ओतणाऱ्यानं ते लक्षात ठेवावं. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं, त्यानं कोवळं पान करपतं, हराळीचं मूळ नाही. म्हणून कुणी केमिकलच्या दुकानातून तीव्र ॲसेटिक आम्ल आणतं. ते कातडी आणि डोळा दोन्ही भाजतं.

काही गैरसमज एकेका वाक्यात निकाली निघतात. पंपात युरिया, मीठ किंवा निरमा घातला की जोर वाढतोच असं नाही. उलट बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला बांधून ठेवतात, आणि मग लोक मात्रा दुप्पट करतात. 2,4-डी म्हणजे व्हिएतनामवर फवारलेलं एजंट ऑरेंज नव्हे. तो 2,4-डी आणि 2,4,5-टी यांचा मिलाफ होता आणि त्यातलं डायॉक्सिन दुसऱ्या घटकातून आलं होतं. तोंडाला रुमाल बांधला की भागतं असं वाटणाऱ्यांनी 2017 चं यवतमाळ आठवावं: तिथली औषधं कीटकनाशकं होती, पण कापसात फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली ती कुणी काही प्यालं म्हणून नव्हे.

आणि खरं सांगायचं तर गुंठाभर अंगणाला यातलं काहीच लागत नाही. पावसानंतर माती मऊ असताना खुरप्यानं हराळीची धावती खोडं ओढून काढली तर हातभर लांबीची सलग निघतात. ती ढिगात टाकू नका, उन्हात वाळवा, नाहीतर पेराला पेर फुटतं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, तो एकदा काढून संपत नाही आणि काळा प्लास्टिक कागदही भोसकून वर येतो. दर दोन-तीन आठवड्यांनी उपटत राहिलं की गाठीतला साठा संपतो. ब्लॉकच्या फटी सिमेंट-वाळूनं भरल्या की पुढच्या वर्षीचं काम निम्म्यावर येतं.

मोकळ्या प्लॉटाचं मात्र सांभाळून. तिथे तांदुळजा, घोळ, पाथरी उगवते, बायका सकाळी ती भाजी खुडून नेतात, शेळ्या चरतात. कुणी तिथे काही फवारलं असेल तर आजूबाजूच्या घरांना त्याच दिवशी सांगायला हवं. पान हिरवं दिसतंय तोवर ते कळत नाही. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं. त्यानं अंगाला खाज सुटते आणि परागानं दम लागतो. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण साऱ्या देशात पसरलं, तेव्हा त्याच्यासाठी 1984 मध्ये मेक्सिकोहून एक भुंगेरा आणून सोडला गेला. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर फिकट पिवळट अंगाचे, पाठीवर काळसर उभ्या रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर ते हेच. त्यांच्यावर काही मारू नका, ते गाजर गवतच खाताहेत.