दप्तरातले घर

महाराष्ट्रातल्या खेड्यातले एक साधे घर सरकारच्या अनेक दप्तरांत नांदत असते. ग्रामपंचायतीकडे ते घरपट्टीसाठी असते, भूमि अभिलेख खात्याकडे जागा म्हणून, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत म्हणून. मतदार यादीत तो एक घर क्रमांक असतो आणि जनगणनेच्या घरयादीत एक ओळ. यातली बरीच दप्तरे आता संगणकावर, काही तर फुकट पाहता येतात. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण ही दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट खटकत राहते. ज्याला माहिती काढायचे तंत्र ठाऊक आहे अशा तिऱ्हाइताला घरातल्या माणसाविषयी भरपूर सापडते, आणि त्या घरात जन्म काढलेल्या माणसाला स्वतःचे घर दप्तरात नीट सापडत नाही.

नमुना आठ घ्या. ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तिच्या एका ओळीत मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचे वर्णन, क्षेत्रफळ आणि मग करांचे रकाने: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. वर्णनात ‘दगड-माती, कौलारू’ असे असते आणि त्या जागी कित्येक वर्षांपासून स्लॅबचे घर उभे असते. मालक म्हणून आजोबांचे नाव, भोगवटादाराच्या रकान्यात ‘स्वतः’. आजोबा जाऊन एक पिढी लोटली तरी ते ‘स्वतः’ तसेच, कारण वारस नोंदीसाठी भावा-बहिणींना एका कागदावर आणणे हे पट्टी भरण्याहून फार अवघड काम. पट्टी भरली जाते, पावती आजोबांच्याच नावाने फाटते. हा उतारा घेऊन बँकेत गेले की उत्तर मिळते, हा मालकीचा पुरावा नव्हे. उत्तर चूक नाही. ती नोंदवही करापुरतीच आहे.

मग मालकीचा कागद कुठे? शेताचा सातबारा असतो, गावठाणातल्या घराचा नसतो. इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली ती शेतसाऱ्यासाठी. गावठाणातल्या जागेवर सारा नव्हता, म्हणून आत मोजायचे कारणही नव्हते. गावाच्या नकाशावर गावठाणाची हद्द आखलेली आणि आत कोरे. पुढे साधारण दोन हजारांवर वस्ती असलेल्या गावांचे नगर भूमापन हाती घेतले गेले. लहान गावे राहून गेली.

ही कोरी जागा भरायचे काम महाराष्ट्राने आधी सुरू केले, हे अभिमानाने सांगावे असे आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, २०१९ मध्ये राज्याने तो सर्व गावांसाठी स्वीकारला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ या नावाने देशभराची योजना जाहीर केली. १८ जानेवारी २०२५ रोजी एका दिवसात देशभरात घराची मालकी दाखवणाऱ्या ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिकांचे वाटप झाले.

काम चालते असे. ड्रोन उडण्याआधी ज्याने त्याने आपल्या जागेची हद्द चुन्याने आखायची. पांढऱ्या रेघा वरून दिसतात, छायाचित्रे निघतात आणि त्यांवरून मोठ्या प्रमाणावरचा नकाशा तयार होतो. खरी कसोटी चुना टाकतानाच लागते. शेजाऱ्याच्या पागोळ्या कुणाच्या जागेत पडतात, मधली भिंत सामाईक की एकाची, बोळ वहिवाटीचा की मालकीचा, पडवी नंतर वाढवली की मुळातली, हे वाद त्या रेघेवर येतात. ड्रोनला वरून छप्पर दिसते आणि छप्पर भिंतीच्या बाहेर आलेले असते. पागोळ्यांचा निकाल कॅमेऱ्याला लावता येत नाही. तो चौकशी अधिकाऱ्यापुढे, शेजाऱ्यांच्या समक्ष लागतो. म्हणून या योजनेचे यश चौकशी किती नीट होते यावर ठरणार आहे. मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेला भाऊ नोटिशीच्या दिवशी गावात नसतो, आणि जो हजर त्याचे म्हणणे लिहिले जाते. घरच्या बाईचे नाव तर तिने स्वतः आग्रह धरल्याशिवाय क्वचितच येते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावे, असा राज्य शासनाचा निर्णय २००३ पासून आहे. तरीही एकट्या पुरुषाच्या नावाचे उतारे आजही सर्रास दिसतात.

आता दुसऱ्या टोकाचे दप्तर. शहरात सदनिका विकत घेतली की दस्ताची सूची क्रमांक दोन तयार होते. तिचे रकाने असे: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भू-मापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ, करून देणाऱ्याचे नाव, करून घेणाऱ्याचे नाव व पत्ता. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ५७ सांगते की ही सूची कुणालाही पाहता यावी. हेतू रास्त आहे. एकच घर दोघांना विकले जाऊ नये, घेणाऱ्याला मागचे व्यवहार तपासता यावेत. पण १९०८ मध्ये सूची पाहायला कचेरीत जावे लागे, फी भरावी लागे, कारकुनापुढे उभे राहावे लागे. त्या खटाटोपातच घरमालकाचे थोडे संरक्षण होते. आज तोच शोध घरबसल्या होतो, आणि अनेक उताऱ्यांवर वय, राहता पत्ता, इतकेच काय पॅन क्रमांकही छापलेला आढळतो. एकटी राहणारी वृद्ध बाई कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर राहते आणि घर विकून तिच्या हाती किती रक्कम आली, हे तिऱ्हाइताला कळण्यात कुणाचे हित आहे? घर, व्यवहार, किंमत आणि नावे उघडी राहिलीच पाहिजेत. त्यांच्यावाचून मालकीचा माग लागत नाही. वय, राहता पत्ता आणि पॅन झाकले तर खरीददाराचे काहीही बिघडत नाही.

याच न्यायाने सगळेच झाका, असे मात्र कुणी म्हणू नये. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांच्या याद्या गावागावांत वाचल्या जातात. ‘प्रपत्र ड’ म्हणजे घरकुलाची यादी, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात आज सांगावे लागत नाही. यादीत कोण, कुणाला हप्ता मिळाला, कुणाचे जोते झाले, हे उघड असल्यामुळेच ग्रामसभेत बाई उठून म्हणू शकते, ‘भाऊ, ह्याचा तर स्लॅबचा बंगला हाय, ह्याचं नाव आलं कसं?’ तो प्रश्न विचारायला नाव लागते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारणाऱ्या त्या कलमातच आधी सार्वजनिक हिताची जी वाट होती, ती काढून टाकली. कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद अजून आहे, पण तिच्यासाठी नागरिकाने भांडायचे. सरकारी पैशाने बांधलेल्या घराची यादी ‘वैयक्तिक’ म्हणून बंद होऊ लागली, तर नुकसान गरिबाचे होईल.

नावे न सांगता सर्वांत जास्त सांगणारे दप्तर जनगणनेचे. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ इतके कडक आहे की तुमच्या घराची नोंद कुणालाही पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. बाहेर येतात ते फक्त बेरजेचे आकडे, गाव आणि प्रभागापर्यंतचे. त्यांनी काय दाखवले पाहा. २०११ मध्ये देशात सुमारे ३३ कोटी जनगणना-घरे होती आणि त्यातली सुमारे २.४७ कोटी रिकामी. देशातली ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंबईत जवळपास ४.८ लाख घरे रिकामी आणि त्याच शहरातली ४१ टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत. गोव्यात पाचातल्या एकाहून अधिक घरांत कुणी राहत नव्हते. घरांच्या धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे भिंतीवर लावावेत. दुर्दैव असे की २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि धोरणे अजूनही २०११ च्या आकड्यांवर आखली जातात. पुढची २०२७ ची. तिची घरयादी २०२६ मध्ये.

मुंबईच्या झोपडीत राहणाऱ्यासाठी तर पत्ता म्हणजे तारीख. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले. पुनर्वसनासाठी पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर पैसे भरून २०११ पर्यंतच्यांना वाट मिळाली. पात्र-अपात्रतेची यादी म्हणजे परिशिष्ट दोन. ती लागली की वस्तीत जी घालमेल होते ती पाहिलेला माणूस ‘डेटा’ हा शब्द सहज उच्चारणार नाही. जुन्या मतदार यादीत नाव आहे की नाही, यावर कुटुंबाचे घर ठरते. आणि मतदार यादी काही घराची नोंद ठेवण्यासाठी केलेली नव्हे. २०२५ मध्ये मतदार याद्यांमधल्या ‘घर क्रमांक ०’ वरून देशभर वाद झाला, तेव्हा निवडणूक आयोगाने सांगितले की अनेकांच्या घरांना पंचायतीने वा पालिकेने क्रमांकच दिलेला नाही. वादाची राजकीय बाजू काहीही असो, हे उत्तर स्थानिक संस्थांच्या दप्तराविषयी फार काही सांगून जाते.

याहून कठीण गाठ जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात जात सिद्ध करताना अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. पालावर राहून गावोगाव फिरलेल्या माणसाच्या नातवाला १९६१ सालचा घराचा कागद मागायचा! गृहचौकशीची वाट कायद्यात आहे, पण ती चालायला वर्षे लागतात. ज्यांना राज्याने कधी पत्ता दिला नाही, त्यांच्याकडूनच राज्य पत्ता मागते.

आणि ज्यांना पत्ता होता, त्यांच्या पत्त्यात जात होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचे ठरवले. योग्यच ठरवले. पण जुने उतारे जसेच्या तसे संगणकावर चढतात आणि एका पत्त्यावरून नोकरी देणाऱ्याला, घर भाड्याने देणाऱ्याला जात कळते. चालू उताऱ्यावर नवे नाव असावे. जुने नाव अभिलेखात राहावे, कारण दाखल्यासाठी त्या कुटुंबालाच ते लागणार आहे, आणि ते मागणाऱ्याच्या हाती पडावे असे.

जात न सांगणारा पत्ताही असतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड मिळाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला: देशाच्या भूमीचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण. त्यात नाव नाही, जात नाही, मालक नाही. खेड्यातल्या रुग्णवाहिकेला त्याचा खरा उपयोग होईल. पण चाळीतली दहा बाय बाराची खोली त्या एका चौकोनाहून लहान असते, आणि वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांची खूणही तीच येते. तिथे खोली नंबर आणि मजला लिहावाच लागेल.

वाचकहो, दिवाळीला गावी असाल तर सुट्टीनंतर ग्रामपंचायतीचे दप्तर उघडले की नमुना आठचा उतारा मागा. नाव कुणाचे आहे, वर्णन खरे आहे का, आईचे किंवा बायकोचे नाव आहे का, ते पाहा. वारस नोंद राहिली असेल तर भावंडे गावात जमली आहेत तेवढ्यात अर्ज करा. गावठाणाची मोजणी किंवा चौकशी बाकी असेल तर नोटिशीच्या दिवशी हजर राहा. आणि ग्रामसभेत घरकुलाची यादी मोठ्याने वाचायला लावा.