गंगथडीची जलयात्रा

दत्तात्रेयांच्या नित्य संचाराविषयी महाराष्ट्रात जी परंपरा शतकानुशतके सांगितली जाते, तीत दिवसाचे एकेक कर्म एकेका क्षेत्राच्या वाट्यास आले आहे. भिक्षेचा मान कोल्हापुराचा, निद्रेचा मान माहूरगडाचा, आणि माध्यान्हीच्या भोजनाचा मान बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या पात्रात वसलेल्या पांचाळेश्वराचा. महानुभाव पंथीय या स्थानास आत्मतीर्थ म्हणतात, आणि दुपारी तेथे श्रद्धेने उपहार दाखवितात. पावसाळ्यात गोदावरी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे मंदिरास चहूंकडून पाण्याचा वेढा पडतो. पाणी ओसरले म्हणजे काळ्या दगडाच्या भिंतीवर गाळाची करडी रेघ उमटलेली दिसते, आणि यंदा गंगा, म्हणजे गोदावरी, कोठवर चढली होती याचा हिशेब गावकरी त्या रेघेवरून एकमेकांस सांगतात. नदीच्या सान्निध्यात, वाहत्या पाण्याकडे पाहत दुपारचे जेवण करणे ही कल्पना ज्या जिल्ह्याच्या श्रद्धाविश्वात इतकी खोल रुजली आहे, त्या जिल्ह्यात नौकेत बसून, नदीची शोभा पाहत, नौकेवरच भोजन करण्याची सोय कोठेही रूढ होऊ नये, याचे कारण शोधणे मला अगत्याचे वाटते. कारण त्या शोधात गोदावरीचा स्वभाव, तिचा इतिहास आणि तिच्या आजच्या स्थितीविषयीची आपली जबाबदारी, ही तिन्ही एकत्र येतात.

प्रथम स्वभावाचा विचार करू. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत पूर्वसमुद्रास मिळणारी ही नदी लांबीने दक्षिणेत सर्वांत मोठी खरी. तथापि तिचा वरचा प्रवाह नौकानयनास कधीच अनुकूल नव्हता. दख्खनच्या कठीण काळ्या खडकातून तिने आपली वाट कोरली आहे. चार महिने ती उन्मत्त वाहते आणि उरलेले आठ महिने खडकांच्या अडसरांमधून आणि वाळूच्या विस्तीर्ण पट्ट्यांमधून कृश होऊन सरकत राहते. या गोष्टीचा अत्यंत प्राचीन पुरावा आपणांस एका परदेशी दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या वृत्तांतात सापडतो. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून माल गाड्यांवर लादून, बिकट मुलुखातून भडोच बंदरास नेला जात असे, असे तो ग्रंथकार लिहितो. ज्या सातवाहनांच्या नाण्यांवर पुढे डोलकाठ्यांची जहाजे कोरली गेली, त्यांच्या गोदाकाठच्या राजधानीचा माल बैलगाडीने जावा, यावरून वरची गोदावरी व्यापारी जलमार्ग कधीच नव्हती, हे स्पष्ट होते.

मध्ययुगातही येथील नदी वाटेपेक्षा सरहद्दच अधिक राहिली. पांचाळेश्वराच्या शेजारचेच राक्षसभुवन हे शनीचे क्षेत्र म्हणून यात्रेकरूंस परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते १० ऑगस्ट १७६३ या दिवसामुळे स्मरते. निजामाचे सैन्य गोदावरी उतरून औरंगाबादेकडे निघाले होते. निजामअली स्वतः उत्तर तीरास पोहोचला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर सैन्याच्या मोठ्या भागासह अद्याप दक्षिण तीरावरच होता. नेमक्या त्याच घटकेस रघुनाथराव व तरुण माधवराव पेशवे यांच्या फौजा त्याच्यावर तुटून पडल्या. विठ्ठल सुंदर रणात पडला, आणि श्रावणातल्या भरल्या नदीच्या पलीकडे उभ्या असलेल्या निजामाच्या हाती आपल्या दिवाणाची वाताहत पाहण्यापलीकडे काहीही उरले नाही. तोफा, हत्ती आणि हजारो स्वार बाळगणाऱ्या सत्तेस जी नदी वेळेवर पार करता आली नाही, तिच्या काठच्या रयतेने तरीवर, म्हणजे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणाऱ्या होडीवरच, समाधान मानले असल्यास नवल नाही.

याच तीरावर आणखी पूर्वेस, माजलगाव तालुक्यात, पुरुषोत्तमपुरी आहे. देवगिरीच्या यादव रामचंद्राचा शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०चा ताम्रपट येथला; महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. राजाने आपला मंत्री पुरुषोत्तम यास गावे इनाम दिली आणि त्याने त्यांचा अग्रहार करून तो ब्राह्मणांस अर्पण केला, असा त्याचा आशय आहे. अधिक मासात येथे मोठी यात्रा भरते. गोदास्नान करून, पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य येथल्या मंदिरातील पुरुषोत्तम देवास दाखवून, नदीच्या घाटावरच शिदोरी सोडून बसलेली कुटुंबे ज्याने पाहिली असतील, त्यास गंगथडीतले नदी आणि अन्न यांचे नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगतात, असेही गावकरी अभिमानाने सांगतात.

आता याच नदीच्या खालच्या अंगाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर आर्थर कॉटन या अभियंत्याने राजमहेंद्रीनजीक धवळेश्वरम् येथे १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधून गोदेचा त्रिभुज प्रदेश सुपीक केला, व कालव्यांतून नौका चालविल्या. पुढे त्याचे व त्याच्या सहकाऱ्यांचे स्वप्न असे की, गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून थेट वऱ्हाड-मध्यप्रांताच्या कापसापर्यंत आगबोटी न्याव्यात आणि हिंगणघाटचा कापूस पाण्यावाटे समुद्रास पोहोचवावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. दुम्मागुडम, सिरोंचाच्या खालचे इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे व कुलूपदारे बांधण्यास आरंभ झाला, अतोनात खर्च झाला. परंतु १८६७ साली नागपुरास आगगाडी पोहोचली, आणि १८७१ साली सरकारने ते काम गुंडाळले.

व्यापाराची नौका अशी अडली, तरी विहाराची नौका खालच्या खोऱ्यात चालू राहिली, आणि आज गोदावरीवरील भोजनासह जलविहाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आंध्रातील पापिकोंडलू हे आहे. राजमहेंद्रीच्या वरच्या बाजूस सकाळी नौका सुटते. प्रथम उपमा-इडलीची न्याहारी होते. हळूहळू दोन्ही तीरांचे डोंगर जवळ येत जातात आणि विस्तीर्ण नदी एका हिरव्या खिंडीत शिरते. दुपारी भात, सांबार, रसम, चिंचेचा पुळिहोरा आणि दही असे साधे शाकाहारी जेवण नौकेवरच वाढले जाते. पेरंटपल्लीच्या आश्रमाजवळ उतारू उतरतात, कोंडारेड्डी आदिवासींनी बांबूच्या केलेल्या वस्तू घेतात आणि सायंकाळी परततात. त्र्यंबकेश्वरी जी धार ओंजळीत मावते, पांचाळेश्वरी जी देवळाच्या पायऱ्या धुते, तीच नदी येथे दोन पर्वतांमधून वाहते. आणि तिच्या पाठीवर बसून जेवताना तिची थोरवी जशी कळते, तशी पुलावरून जाणाऱ्या मोटारीतून कधीही कळत नाही.

परंतु याच जलमार्गावर १५ सप्टेंबर २०१९ रोजी, पुराचे पाणी असताना, कच्चुलूरजवळ सहलीची नौका उलटून सुमारे ५० जणांचे प्राण गेले, हेही विसरता कामा नये. आपल्या महाराष्ट्रात २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी व कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि ६ जण बुडाले. या दोन्ही दुर्घटनांचा बोध एकच आहे: नदीच्या लहरीपेक्षा माणसाची बेफिकिरी अधिक घातक असते.

गेल्या अर्धशतकात बीडच्या गोदावरीचे स्वरूपच पालटले आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते कोनशिला बसलेले आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झालेले पैठणचे जायकवाडी धरण ऐन पावसाळ्याखेरीज वरचे पाणी अडवून धरते. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगावच्या सिंदफणेवरील धरणाकडे जातो. त्याखेरीज पैठणपासून नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल असे उच्च पातळीचे बंधारे एकामागून एक उभे राहिले. पावसाळा सरता सरता त्यांची दारे बंद झाली म्हणजे जेथे पूर्वी वाळू आणि खडक उघडे पडत, तेथे आता निवांत, खोल पाण्याचे डोह माळेतल्या मण्यांसारखे पसरतात. या बंधाऱ्यांस नौका चढविण्या-उतरविण्याची कुलूपदारे नाहीत, म्हणून एका डोहातून दुसऱ्यात जाता येणार नाही. परंतु एकाच डोहात दोन-अडीच तासांचा सावकाश फेरा सहज होऊ शकेल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने तर नाशिकपासूनची गोदावरी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये दाखल करून घेतली आहे. कागदावर गंगथडी आज जलमार्गच आहे. दप्तरातील त्या नोंदीस प्रत्यक्षाची जोड तेवढी द्यावयाची आहे.

ती द्यावयाची झाल्यास कशी असावी? ऋतू आश्विन ते माघ असावा. पूर ओसरलेला असतो, बंधारे भरलेले असतात, आणि काठच्या शिवारात ज्वारी निसवू लागते. नौका उथळ तळाची आणि मोजक्याच उतारूंची असावी. अन्न काठावर गावच्या महिला बचत गटांनी शिजवावे, आणि दुरड्यांत, डब्यांत भरून नौकेवर चढवावे. शेगडी नौकेवर नकोच. येसराची आमटी, वांग्याचे भरीत, पिठले, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गरम ज्वारीची भाकरी, सोबत दही, आश्विन-कार्तिकात बालाघाटाचे सीताफळ, ज्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पौषात हुरडा. मराठवाड्याच्या घरी रोज होणारे हे अन्न परमुलखातल्या पाहुण्यास अपूर्व वाटेल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. वाटेत घाट, देवळे आणि रणभूमी दिसावी, आणि ती दाखवून सांगणारा मनुष्य त्याच काठचा असावा.

याचा आर्थिक पक्षही लहान नाही. बीड जिल्ह्यातून दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांची लक्षावधी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. अर्थात, नदी भरलेली असते तेच महिने गावे रिकामी होण्याचे असतात. एका नौकेने ते स्थलांतर थांबेल असे म्हणणे अज्ञानाचे होईल. तथापि वल्हे मारणारा भोई, भाकरी थापणारी बाई, घाट झाडणारा तरुण आणि इतिहास सांगणारा शिक्षक, अशी दहा-वीस घरे प्रत्येक घाटावर पोट भरून गावातच राहू शकली, तर तेही पुण्यच होय. म्हणून नौकेचा मक्ता बाहेरच्या बड्या ठेकेदारास न देता गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेस द्यावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या विचाराच्या आड दोन गोष्टी येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली पाण्याची. याच जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावणाऱ्या मांजरेवरचे धनेगावचे धरण २०१५-१६ च्या दुष्काळात आटले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणून द्यावे लागले. तर सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीच्या महापुराने गेवराई-माजलगावच्या काठची शेते पाण्याखाली गेली. अशा टोकांच्या मुलुखात पिण्याच्या पाण्याचा आणि पिकाच्या पाण्याचा हक्क सर्वांत आधी, विहाराचा सर्वांत शेवटी, हे सूत्र निर्विवाद असले पाहिजे. नौका पाणी पीत नाही हे खरे. परंतु नौकेसाठी म्हणून कोणाच्या कालव्याचे पाणी अडता कामा नये.

दुसरी गोष्ट वाळूची. गोदावरीच्या पात्रातून यंत्रांनी जो बेसुमार वाळूउपसा चालतो, त्याने तळाला खोल, अदृश्य खड्डे पडले आहेत. काठच्या गावांतली पोरे पोहायला उतरतात ती कधी कधी वर येत नाहीत. जेथे नावाड्यास तळाचा अंदाज नाही, तेथे नौका सोडणे हा गुन्हा होय. म्हणून प्रथम पात्राची मोजणी, मग वाळूउपशाचा कडक बंदोबस्त, मग २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नौकेची नोंदणी व तपासणी, प्रत्येक उतारूच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, धरणातून विसर्ग होण्याची पूर्वसूचना घाटावर पोहोचविण्याची पक्की व्यवस्था, आणि या सर्वांनंतरच पहिले तिकीट, हा क्रम कोणत्याही सबबीखाली उलटा होता कामा नये.

मनुष्य ज्या नदीकडे पाहत नाही, तिची त्यास काळजी वाटत नाही, असे माझे निश्चित मत आहे. आज बीडच्या बहुसंख्य नागरिकांची गोदावरीशी गाठ पडते ती अस्थिविसर्जनास, श्राद्धकर्मास, किंवा पुराच्या बातमीत. तिच्या पात्रात दोन घटका निवांत बसून, काठची भाकर खाऊन जो परतेल, त्यास पात्रात उभे राहिलेले वाळूचे ट्रक आणि काठावर टाकलेला कचरा यापुढे डोळ्यांत खुपल्यावाचून राहणार नाही. अशा खुपणाऱ्या डोळ्यांची संख्या वाढणे हेच या नदीचे खरे संरक्षण आहे. म्हणून जिल्हा प्रशासनाने, पाटबंधारे खात्याने आणि गेवराई व माजलगावच्या गोदाकाठच्या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून पांचाळेश्वर-राक्षसभुवनाच्या परिसरात, पात्राची मोजणी पुरी करून, एका सुरक्षित नौकेचा प्रयोग तरी करून पाहावा, अशी माझी त्यांस कळकळीची विनंती आहे.