बँकेच्या काउंटरमागची जात

मागच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक तरुण जवळ आला. "जयभीम काकाजी," म्हणाला. बोलता बोलता ओळख निघाली. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका बँक शाखेत तो वर्षभरापूर्वी लिपिक म्हणून लागला होता. आई-बाप शेतमजूर. पोराने रात्रंदिवस अभ्यास करून परीक्षा काढली. मी त्याचे अभिनंदन केले. तो मान खाली घालून म्हणाला, "काकाजी, राजीनामा द्यावा वाटते."

आपल्या समाजात पोराला बँकेची नोकरी लागली की सारी वस्ती आनंदते. मग हा राजीनाम्याची भाषा का करतो? मी त्याला बाजूला घेऊन बसलो. शाखेत पाच माणसे. जेवणाच्या सुट्टीत चौघे एकत्र बसतात, त्या वेळी काउंटर सांभाळायचे काम याचे. ते उठले की हा एकटा डबा उघडतो. नवा ग्राहक आला की "हे आमचे कोट्यातले साहेब" अशी ओळख करून देतात आणि हसतात. रोकड याच्या हाती देत नाहीत, कर्जाच्या फाइली दाखवत नाहीत. टपाल, नोंदी, झेरॉक्स एवढेच. "शिवी कोणी देत नाही काकाजी. तक्रार लिहायची तर काय लिहू?"

हा प्रश्न ऐकून माझी चाळीस वर्षे मागे गेली. मी १९८६ साली बँकेत लिपिक म्हणून लागलो. माझ्या बँकेचे नाव येथे घेत नाही, कारण हा प्रश्न एका बँकेचा नाही. पहिल्या दिवशी हेड कॅशियरने नाव विचारले. मी नाव सांगितले. "पूर्ण सांगा," म्हणाले. आडनाव कळले आणि त्यांचा चेहरा बदलला. चहाच्या वर्गणीत माझे पैसे चालत होते, पण माझा कप वेगळा होता. दांडी तुटलेला. तीन वर्षे मी आवक-जावकच्या टेबलावर होतो. त्या वेळी मला वाटले, आपण नवे आहोत म्हणून असेल. पुढे माझ्यानंतर आलेली दोन मुले सहा महिन्यांत कर्ज विभागात गेली, तेव्हा डोळे उघडले.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी तेथलीच. पण त्याच भाषणातील दुसरी गोष्ट आपण विसरतो. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणूनच का राहतात, त्यांना साधे पोर्टरचे कामही का मिळत नाही, याचे कारण त्यांनी सांगितले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागे, आणि अस्पृश्याला घरात कोण घेणार? म्हणजे कामाच्या ठिकाणी जात केवळ शिवीत नसते. कोणाला कोणते काम द्यायचे, या वाटपात ती असते.

हे वाटप पुढे काय करते ते बघा. ज्याला कर्जाचे काम दिले नाही त्याला कर्जाचा अनुभव नाही. अनुभव नाही म्हणून गोपनीय अहवालात 'साधारण' शेरा. शेरा साधारण म्हणून मुलाखतीत गुण कमी. गुण कमी म्हणून बढती नाही. शेवटी तेच लोक म्हणतात, "बघा, यांना संधी दिली तरी पुढे जात नाहीत." दांडी तुटलेल्या कपापासून निघालेली वाट अशी थेट बढतीच्या यादीपर्यंत जाते.

येथे एक कायदेशीर मुद्दा आपल्या कर्मचाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. राष्ट्रीयीकृत बँकेत भरतीला आरक्षण आहे. लिपिकाचा अधिकारी होताना, म्हणजे स्केल एकपर्यंत, आरक्षण आहे. त्यापुढे बढती निवडीने होते आणि तेथे आरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ जानेवारी २०१५ च्या निकालाने स्केल सहापर्यंत आरक्षणाची आशा निर्माण झाली होती. वर्षभरातच, ८ जानेवारी २०१६ रोजी, फेरविचारात न्यायालयाने तो भाग वगळला. त्यामुळे वरच्या खुर्चीचा सारा मार्ग साहेबाच्या शेऱ्यातून जातो. आणि साहेबाचा शेरा कोठून येतो, ते वर सांगितलेच आहे.

आता जे थोडेफार आरक्षण आहे तेही पायाखालून सरकत आहे. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीने सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. पुढे शिपाई, सफाई, पहारा ही कामे बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेली. आपल्या माणसांनी बँकेत पहिले पाऊल ठेवले ते याच जागांवर. ठेकेदाराला रोस्टर नाही. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली. आज आडवाटेच्या गावात बँक म्हणजे हाती यंत्र घेतलेला बँकमित्र. तो कमिशनवर राबतो. त्याला पगारश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही, आरक्षणही नाही.

सहकारी बँकांची तऱ्हा आणखी वेगळी. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या साडेतीनशेहून अधिक पदांच्या भरतीत आरक्षण ठेवले नाही म्हणून अलीकडेच चंद्रपुरात आंदोलन पेटले, उपोषण झाले. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा, जो जानेवारी २००४ पासून लागू झाला, तो ज्या सहकारी संस्थेत शासनाचे भागभांडवल आहे तिला लागू होतो. म्हणजे शासनाचा वाटा काढून घेतला की आरक्षणातून सुटका! ठेवी शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, मास्तरांच्या आणि खुर्च्या मात्र मूठभरांच्या. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेथे हे घडावे याची खंत वाटते.

खासगी वित्त कंपन्यांत तर आरक्षणाचा प्रश्नच नाही. आपली पदवीधर मुले तेथे मोटारसायकलवर गावोगाव हप्ते वसूल करतात. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातील एका बड्या हिशेबतपासणी कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची तरुणी मरण पावली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून सांगितले. चौकशीत त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखालील नोंदणीच नसल्याचे पुढे आले. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा फॅक्टरी कायद्यात १९४६ मध्ये आली. मजूरमंत्री म्हणून त्यामागे बाबासाहेब होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यातही तीच मर्यादा आहे. चकचकीत कार्यालयात ती कोण पाळतो?

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. एका पावसाळ्यात मी भामरागडकडच्या भागात होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. पूर ओसरल्यावर एक माडिया बाई पैसे काढायला आली. तिला मराठी येत नव्हते, मला माडिया येत नव्हते. अंगठा जुळत नव्हता. मागे रांग होती. मी हाताने खूण केली, उद्या ये. ती काही न बोलता गेली. संध्याकाळी शिपायाने सांगितले, "साहेब, ती दोन दिवस चालून आली होती." ज्याला टेबलावर बसू दिले नाही, तो टेबल मिळाल्यावर तसाच वागला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख व्यक्त केले, त्यात मी आलो की नाही?

त्या तरुणाला मी काय सांगितले ते वाचकांनाही सांगतो. राजीनामा देऊ नको. तू गेलास तर त्यांचेच म्हणणे खरे होईल. वही घे. कोणत्या तारखेला कोणते काम दिले, कोणते मागितले, कोणी काय उत्तर दिले, ते रोज लिही. कर्जाचे आणि रोकडीचे काम शिकायचे आहे, असा लेखी अर्ज दे आणि पोच घे. वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा तुला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देवदत्त प्रकरणात सांगितले आहे, तो माग. बँकेत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो, रोस्टरचे रजिस्टर असते, ते बघ. संघटनेचा सभासद हो. लोकांसमोर जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा कायदा आहे. आणि माडिया, गोंडी, तेलुगू यांतील दहा वाक्ये शीक. ती तुझ्या काउंटरवर आलेल्या माणसासाठी.

संघटनांनाही एक विनंती. जयंतीला वर्गणी देऊन, दिनदर्शिका छापून संघटनेचे काम संपत नाही. एटापल्ली, सिरोंचा, कोरची, जिवती येथे कोण नवा मुलगा, कोण नवी मुलगी आली याची यादी करा. महिन्यातून एकदा फोन करा. तिमाही बैठकीत साहेबाच्या सत्काराऐवजी कामाच्या वाटपाचा प्रश्न मांडा.

तो तरुण अजून नोकरीत आहे. परवा त्याचा फोन आला. अर्जाची पोच घेताना शाखाधिकारी चिडले, पण आठ दिवसांनी त्याला रोकड काउंटरवर बसवले. डबा मात्र अजून एकट्यानेच खातो.

वाचकहो, तुमच्या तालुक्याच्या बँकेत असा एखादा मुलगा असेल. पैसे काढायला जाल तेव्हा त्याला जयभीम घाला आणि एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलवा.