सूत्र पाठ आहे, पण अर्थ?

दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलं-मुली अकरावी सायन्सला जातात आणि पहिल्याच सहामाहीत गडबडून जातात, हा अनुभव आता आपल्या अनेक घरांत आहे. अब्बा म्हणतात, अभ्यास कमी पडतोय. शेजारी म्हणतात, क्लास बदला. पण नेमके काय अडले आहे, हे मुलाला विचारणारे फार थोडे असतात.

उर्दू माध्यमातून अकरावीला आलेल्या एका मुलीने मला विचारले, “सर, काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वदचा. उरलेले दोन मिळून नव्वद. मग त्यात 150 अंशांचा कोन बसेल कसा? आणि साइन 150 काढायचा कुठून?” त्याआधी तिने हे जिथे विचारले, तिथे उत्तर मिळाले होते की सूत्र पाठ कर, पेपरात तेवढेच लागते. सूत्र तिला पाठ होते, प्रश्न मात्र तसाच होता. असा प्रश्न कच्च्या मुलीला पडत नाही. जी खरोखर विचार करते, तिलाच पडतो.

आकाशपाळण्यातले गणित

उरुसातला आकाशपाळणा आठवा. त्याची त्रिज्या 10 मीटर आहे असे धरू. मधल्या आसाच्या बरोबरीत, उजव्या टोकाला आपला पाळणा आहे. चाक 30 अंश वर फिरले, तर पाळणा आसापेक्षा 5 मीटर वर जातो, म्हणजे त्रिज्येच्या निम्मा. साइन 30 म्हणजे निम्मा, तो हाच. नव्वद अंशांवर पाळणा अगदी माथ्यावर, 10 मीटर उंच असतो, म्हणून साइन 90 म्हणजे 1. आता चाक पुढे फिरू द्या. 150 अंशांवर पाळणा पलीकडच्या बाजूला उतरताना पुन्हा 5 मीटर उंचीवर येतो. म्हणून साइन 150 देखील निम्माच. 210 अंशांवर तो आसाच्या 5 मीटर खाली जातो, म्हणून तिथे वजा चिन्ह.

म्हणजे साइन ही पाळण्याची उंची आहे, त्रिज्येच्या मापात मोजलेली. कोसाइन म्हणजे तो आसापासून किती उजवीकडे किंवा डावीकडे आहे ते. दहावीचा काटकोन त्रिकोण ही या चाकाची पहिली पाव फेरी होती. हे चित्र डोळ्यांसमोर आले की डझनभर सूत्रे पाठ करायची गरजच उरत नाही.

त्याच चाकात कॅल्क्युलस

‘साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन’ हे वाक्य बारावीची मुले झोपेतही म्हणतील. पण का? डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग. चाक एकसारख्या गतीने फिरते आहे. पाळणा आसाच्या बरोबरीत असताना तो सरळ वर चढतो, म्हणून तिथे उंची सर्वांत वेगाने वाढते. माथ्यावर तो क्षणभर आडवा सरकतो आणि उंची वाढतही नाही, घटतही नाही. आता कोसाइन पाहा. सुरुवातीला 1, माथ्यावर 0. उंची ज्या वेगाने बदलते, त्याचेच नाव कोसाइन. ही काटेकोर सिद्धता नव्हे, पण अर्थ हाच आहे.

अंश सोडून रेडियन का घेतात, तेही इथेच कळते. त्रिज्येएवढे अंतर काठाने चालले की 1 रेडियन होतो, म्हणजे साधारण 57.3 अंश. कोन असा काठावरच्या अंतराने मोजला, तरच वरचे वाक्य इतके साधे राहते. अंशांत मोजले तर प्रत्येक वेळी एक नकोसा गुणक मागे लागतो.

दगड आणि तो ‘अर्धा’

आता भौतिकशास्त्र. हवेचा अडथळा सोडून दिला आणि गुरुत्वीय त्वरण 10 धरले, तर वरून सोडलेला दगड 1 सेकंदात 5 मीटर आणि 2 सेकंदांत 20 मीटर पडतो. बरोबर 1 सेकंद झाला त्या क्षणी त्याचा वेग किती? 1 ते 1.1 सेकंदात तो 1.05 मीटर पडतो, म्हणजे सरासरी 10.5. 1 ते 1.01 सेकंदात सरासरी 10.05. वेळ आणखी लहान करा, उत्तर 10 च्या जवळ सरकत जाते. ‘लिमिट’ म्हणतात ते एवढेच.

आणि सूत्रातला तो अर्धा कुठून आला? 2 सेकंदांत वेग 0 पासून 20 पर्यंत एकसारखा वाढला. सरासरी वेग 10. तो 2 सेकंदांनी गुणला की 20 मीटर. आलेखावर पाहिले तर वेगाच्या रेषेखाली त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे असते. इंटिग्रेशनची सुरुवात याच त्रिकोणापासून होते.

शब्दाचा प्रवास

आपली मुले इंग्रजी शब्दांना घाबरतात. पण ‘साइन’ हा शब्द मुळात आपल्याच भागातून गेला आहे. इसवी सन 476 मध्ये जन्मलेल्या आर्यभटांनी ज्या कोष्टकाचा उपयोग केला, ते ‘ज्या’चे होते. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत त्याचा उच्चार ‘जीबा’ झाला. अरबीत स्वरचिन्हे सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा गळा. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरात त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द आला आणि त्याचा पुढे ‘साइन’ झाला. आपण खिशाला जेब म्हणतो, तो शब्दही याच जैबपासून आलेला. अल-बेरूनी (973 ते 1048) यांनी शहरांवरून किब्ल्याची दिशा काढण्यासाठी हीच त्रिकोणमिती वापरली.

घरात काय करता येईल?

क्लासमध्ये पोर्शन संपवायची घाई असते, प्रत्येक ‘का’ला थांबता येत नाही. हे काम घरीच करावे लागेल, आणि त्यासाठी आई-वडिलांना गणित येण्याची गरज नाही. रोज वीस मिनिटे पुरेत. एक सूत्र निवडावे, त्याचे चित्र काढावे, त्यात छोटे आकडे घालून पाहावे. मग अम्मीने एवढेच म्हणावे, “बेटा, हा अर्धा कुठून आला, मला आपल्या बोलीत सांग.” ज्याला ते सांगता आले, त्याला ते समजले. जिथे तो अडखळला, तिथे उद्याचा अभ्यास.

भाषा बदलली म्हणून विचार थांबवू नका. उर्दूत इसरा, मराठीत त्वरण, इंग्रजीत ॲक्सिलरेशन. अर्थ एकच: दर सेकंदाला वेग किती बदलला. आधी अर्थ आपल्या भाषेत पक्का करावा, मग इंग्रजी नाव त्याला चिकटवावे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणित आणि भौतिकशास्त्राची पुस्तके उर्दूतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतात. इंग्रजी पुस्तकाशेजारी ती उघडी ठेवावीत. जेईई मेनची प्रश्नपत्रिकाही मराठी आणि उर्दूत घेता येते.

सराव लागतोच. समजले म्हणून उदाहरणे सोडवायची नाहीत, असे नाही. पण न समजता सोडवलेली शंभर उदाहरणे प्रश्न थोडा फिरवला की कोलमडतात. आणि मग ‘सायन्स आपल्या मुलांचे काम नाही’ असे म्हणून एखाद्या हुशार मुलीचा दाखला काढला जातो. त्या निर्णयाआधी तिला एकदा विचारा, नेमके काय समजत नाही? ती ‘का’ विचारत असेल, तर ती योग्य वाटेवर आहे. तिला थोडा वेळ द्या.