शहराचा भाव, गावाचा नळ

पुण्याजवळच्या हिंजवडीत खोली शोधायला आलेल्या तरुणाला पहिला प्रश्न येतो, ‘किती शेअरिंग पाहिजे?’ टू, थ्री की फोर, यावर भाडं ठरतं. मारुंजी आणि माणच्या गल्ल्यांमध्ये पीजीच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. थ्री शेअरिंगच्या खोलीत तीन लोखंडी खाटा, तीन अरुंद कपाटं आणि एक खिडकी असते. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे ट्यूब भर दुपारीही चालू. ओला टॉवेल वाळत घालायला खाटेच्या दांड्याशिवाय जागा नाही. गरम पाणी सकाळी ठरलेल्या वेळेतच येतं, तेव्हा बाथरूमला नंबर लागतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन खाटेवरच काम, खाटेवरच जेवण. घरच्यांना मात्र सांगितलेलं असतं की, पोरगा पुण्यात आयटीत आहे, छान चाललंय. तेही खोटं नसतं.

ही दाटी कुठल्या बड्या बिल्डरने उभी केलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून एमआयडीसीने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवलं. बऱ्याच शेतजमिनी संपादनात गेल्या, उरलेल्या गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या. एकराचे चाळीस गुंठे आणि एका गुंठ्यात 1089 चौरस फूट. ज्यांच्याकडे दोन-तीन गुंठे राहिले, त्यांनी त्यावर बसतील तेवढे मजले चढवले. जमीन विकून हाती आलेला पैसा उडाल्यावर घराचं काय होतं, ते प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’मधून दाखवलं. ज्यांचा पैसा उडाला नाही, ते घरमालक झाले. शेत गेलेल्या कुटुंबाला आता भाडं हेच पीक आहे, तेव्हा इमारतींमध्ये मोकळी जागा का सोडली नाही, असा जाब फक्त त्यांनाच विचारणं बरोबर नाही. परवानगी देणारे आणि डोळेझाक करणारे दुसरेच होते.

हिंजवडी ज्या तालुक्यात येते, त्या मुळशीला दाटीत राहणं नवं नाही. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. त्यांच्या कित्येक पिढ्या मुंबईत एकेका खोलीत दहा-दहा जण मिळून राहिल्या. पण त्या मुंबईत ट्राम होती, लोकल होती आणि धरणावरून आलेलं पाणी नळाला होतं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामायिक. तरीही कामगार ठरलेल्या वेळी गिरणीत पोहोचत असे. माणूस लहान जागेत निभावून नेतो. घराबाहेरची व्यवस्था कोसळली की त्याचं जगणं अवघड होतं, आणि मुळशीच्या पूर्व टोकाला आज नेमकं तेच घडतंय.

हिंजवडी, माण, मारुंजी इथे अजून ग्रामपंचायत आहे. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावं जून 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. भूगाव, भुकूम, पिरंगुट बाहेरच राहिली. बांधकामाची परवानगी पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देतं, पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, बाकीचे कुठे सार्वजनिक बांधकाम खात्याचे, कुठे पंचायतीचे. वाकडला पोहोचलं की पिंपरी-चिंचवड महापालिका आणि बाजूला राष्ट्रीय महामार्ग. 2025 च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते ओढ्यासारखे वाहू लागले, तेव्हा नाला कुणी बुजवला आणि गटार कुणी काढायचं, यावरून या यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. जुलैत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे पाहणीला आले. पाहणीला मंत्री यावा लागतो, यातच सगळं आलं.

वाहतुकीचं गाऱ्हाणं पुणेकरांना पाठ आहे. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या पाहणीत दहा किलोमीटर जायला पुण्यात सरासरी 33 मिनिटं लागत होती आणि त्या यादीत पुणे जगात चौथं होतं. शिवाजी चौक, भूमकर चौक, विप्रो सर्कल ही नावं रोजच्या बोलण्यात अडचणीच्या अर्थानेच येतात. माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. मुदती एकामागून एक हुकल्या, मधल्या काळात हजारो फ्लॅट मात्र विकले गेले.

पाण्याची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. याच तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणी घाटात जुलै 2024 मध्ये एका दिवसात 500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तिथलं मुळशी धरण टाटांनी मुंबईच्या विजेसाठी बांधलं. त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरीही गावं बुडाली. ते पाणी आजही भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेतून कोकणात उतरतं. आणि पूर्वेकडच्या सोसायट्या टँकरची वाट पाहतात. एप्रिल-मे महिन्यात रात्री कधीही दहा हजार लिटरचा टँकर गेटवर येतो. वॉचमन नंबर आणि वेळ वहीत टिपतो, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो, वीस-पंचवीस मिनिटं मोटर घरघरते. पाणी कुठल्या विहिरीचं, हे त्या वहीत लिहिलेलं नसतं. महिनाअखेरीस सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टँकरच्या बिलावरून वाद पेटतो. ज्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलंय, त्यांना पाण्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो.

कायद्याने हा प्रश्न ओळखला नाही असं नाही. पाणी नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये शेजारच्या बाणेर-बालेवाडीत नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या होत्या. पण एरवी बिल्डरचं हमीपत्र घेऊन परवानगी दिली जाते: सरकारी पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की ते हमीपत्र फाइलीतच राहतं.

आशियातल्या दाट आणि महाग शहरांकडे बघितलं तर दोन वेगळ्या वाटा दिसतात. सिंगापूरमध्ये सुमारे 80 टक्के नागरिक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. 1960 पासून तिथे घराबरोबर बस, बाजार, शाळा यांचं नियोजन झालं. हाँगकाँगमध्ये मेट्रो उत्तम, पण एका फ्लॅटच्या चार खोल्या पाडून केलेल्या खुराड्यांत दोन लाखांहून अधिक माणसं राहतात. हिंजवडीने हाँगकाँगची खोली घेतली, मेट्रो घेतली नाही. आधी फ्लॅट आणि मग पाणी-रस्ता, हा उलटा क्रम शासनाने मोडायला हवा: पाण्याची जोडणी होईपर्यंत नव्या प्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र मिळता कामा नये, आणि आयटी पार्क व भोवतालच्या गावांना एकच उत्तरदायी यंत्रणा हवी.

तोवर या भागात घर घेणाऱ्याने सॅम्पल फ्लॅट बघून भुलू नये. शेजारच्या जुन्या सोसायटीत जाऊन मे महिन्याचं टँकरचं बिल मागावं, बिल्डरचं पाण्याचं हमीपत्र वाचायला मागावं, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा स्वतः जाऊन यावं. बुकिंगचा चेक त्यानंतर फाडावा.