थांबलेल्या गाडीचा भरवसा

बैलगाडीच्या काळी घाटात गाडी थांबली, की गाडीवान खाली उतरून प्रथम चाकामागे दगड लावीत असे. बैलांना वैरण आणि स्वतःला पाणी, हे सारे त्यानंतर. गाडी चालविणे ही जशी विद्या आहे, तशीच ती थांबवून ठेवणे हीही एक विद्या आहे, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकविले नव्हते. आज आपण ज्या बसमधून येतो-जातो, तिच्या चाकामागे दगड लावण्यास कोणी उतरत नाही. ते काम आता एक पोलादी स्प्रिंग करते. ही स्प्रिंग काम कसे करते, ती निकामी झाली तर काय होते, आणि दोष एका गाडीत नसून एकाच कारखान्यातून निघालेल्या शेकडो गाड्यांत असेल, तर त्या परत कोणी बोलवावयाच्या, एवढ्याच प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रश्न दूरचा नाही. साकीनाक्याच्या चौकात संध्याकाळी उभे राहून पाहावे. एकीकडून अंधेरी-कुर्ला रस्ता, दुसरीकडून घाटकोपरचा जोडरस्ता, तिसरीकडून पवईच्या बाजूचा साकीविहार रस्ता, आणि डोक्यावरून 2014 सालापासून धावणारी मेट्रो. खैरानी रस्त्यावरच्या कारखान्यांतून सुटलेली माणसे बसथांब्यावर येतात ती पदपथावर मावत नाहीत. ती रस्त्यावर, बसच्या अगदी पुढ्यात उभी राहतात. असल्फ्याच्या बाजूला गेले, तर डोंगराची चढणही लागते. उभ्या बसमध्ये आणि उभ्या माणसामध्ये येथे कित्येकदा हातभराचेच अंतर असते. त्या हातभर अंतराची जबाबदारी ज्या यंत्रावर आहे, त्याला आपण ‘हँडब्रेक’ म्हणतो.

मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. चालकाने पायाखालचा ब्रेक दाबला, की ती हवा चाकाजवळच्या डबीत शिरते, तेथील रबरी पडदा एक दांडा पुढे ढकलतो, आणि ब्रेकचे लायनर फिरत्या ड्रमवर घासून चाक थांबते. येथवर सर्व सरळ आहे. पण हवाच निसटली तर? मग तर ब्रेकच उरणार नाही! यावर काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. मागच्या चाकांच्या डबीत एक बळकट स्प्रिंग बसविलेली असते. तिचा स्वभाव सदैव ब्रेक लावण्याचा. टाकीतली हवा तिला दाबून, जखडून ठेवते, म्हणूनच गाडी हलू शकते. चालकाने हँडब्रेकची मूठ ओढली, की हवा फुस्स आवाज करीत बाहेर पडते, स्प्रिंग मोकळी होते आणि चाके जखडते. म्हणजे येथे हवा ब्रेक लावीत नाही, ती ब्रेक सोडविते. हवा गेली तर गाडी आपोआप थांबते.

हे तत्त्व रेल्वेने आधी शिकविले. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्या पहिल्या रचनेत नळी तुटली तर सगळ्या गाडीचा ब्रेक जाई. पुढे 1872 च्या सुमारास त्यांनी ती रचना उलटी केली, आणि नळी तुटली की ब्रेक लागू लागला. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे यंत्रशास्त्रातील एक थोर सूत्र होय.

तथापि सूत्र निर्दोष असले, म्हणजे वस्तू निर्दोष असतेच असे नाही. स्प्रिंग शेवटी पोलादाचीच. हवेबरोबर टाकीत पाणी साचते, मुंबईच्या दमट हवेत तर अधिकच. ते वेळच्या वेळी काढले नाही, तर गंज धरतो. पोलादात मुळातच खोट असेल, तर स्प्रिंग आतल्या आत मोडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लायनर झिजले, की दांड्याला अधिक लांब जावे लागते आणि स्प्रिंगचा जोर कमी पडतो. झडप अडकली, तर थोडी हवा आतच राहते आणि ब्रेक अर्धाच लागतो. सपाट रस्त्यावर अर्धा ब्रेकही पुरतो. म्हणूनच दोष कित्येक दिवस लपून राहतो. चढणीवर मात्र हिशेब निराळा. 16 टनांची भरलेली बस शंभर फुटांत पाच फूट चढणाऱ्या रस्त्यावर उभी केली, तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे 800 किलो वजनाइतका होतो. भरलेली गाडी शंभरात अठरा फुटांच्या चढावरही केवळ पार्किंग ब्रेकवर उभी राहिली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तो उगाच नव्हे.

आता मुख्य भेद ध्यानात घ्यावा. एका बसचे लायनर झिजले, तर तो देखभालीचा दोष. त्याचे उत्तर डेपोने द्यावे. पण एकाच खेपेच्या दहा बसमधील स्प्रिंगा मोडू लागल्या, तर तो निर्मितीचा दोष. त्याचे उत्तर कारखानदाराने दिले पाहिजे. अकराव्या गाडीला अपघात होण्याची वाट न पाहता, त्या खेपेच्या सर्व गाड्या चेसीस क्रमांकानुसार शोधून काढणे, मालकांना कळविणे आणि स्वखर्चाने दुरुस्त करून देणे, याला ‘रिकॉल’ म्हणजे गाडी परत बोलावणे असे म्हणतात. अमेरिकेत 1966 मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि त्यातून ही प्रथा रूढ झाली. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनात धोकादायक दोष आढळल्यास, ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यास किंवा तपासणी संस्थेने अहवाल दिल्यास, केंद्र सरकार कारखानदाराला गाड्या परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते. दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत. कारखानदाराने दोष आपण होऊन कळविला, तर त्याला दंडातून सूट आहे. प्रामाणिकपणा स्वस्त पडावा, हा यामागील हेतू शहाणपणाचा आहे.

परंतु तक्रार करणार कोण? कायदा मालकाकडे पाहतो. शहराच्या बसमध्ये मात्र बसणारा एक, चालविणारा दुसरा आणि मालक तिसराच. बेस्टच्या ताफ्यात आज कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे चालकाच्या हाताला जाणवलेली ढिली मूठ कंत्राटदार, उपक्रम आणि कारखानदार अशा तीन दारांतून जावयाची. एका दाराने जरी ती अडविली, तरी कागद तेथेच थांबतो. गाडी मात्र थांबत नाही.

गाड्या मागे घेण्याचे मोलही जबर असते. 22 फेब्रुवारी 2023 रोजी अंधेरीत एका सीएनजी बसला आग लागली. महिन्याभरातील ती तिसरी घटना होती. बेस्टने त्या कंत्राटदाराच्या 400 गाड्या रस्त्यावरून काढल्या. दोष ब्रेकचा नव्हता, आणि कायद्याच्या अर्थाने तो रिकॉलही नव्हता. पण निर्णयाचे स्वरूप तेच होते. दुसऱ्या दिवशी थांब्यांवर रांगा वाढल्या, रिक्षांचे पैसे मोजावे लागले. लोक चिडले, ते स्वाभाविकच. तरीही आमच्या मते ती गैरसोय सोसण्याजोगी होती. उशीर भरून काढता येतो.

आणखी एक सावधगिरी हवी. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याहून साकीनाक्यामार्गे अंधेरीला जाणाऱ्या 332 क्रमांकाच्या विजेवरील बसने गर्दीत माणसे चिरडली. किमान सात जणांचा जीव गेला. पहिला संशय ब्रेकवर गेला. पुढे तपासणीत ब्रेक ठीक आढळल्याचे आणि चालकाला अशा गाडीचे प्रशिक्षण अपुरे असल्याचे वृत्त आले. यंत्राचा दोष माणसावर लादणे जितके वाईट, तितकेच माणसाच्या शिक्षणातील उणीव यंत्रावर ढकलणेही वाईट. दोन्हींत खरे कारण जागेवरच राहते आणि पुढच्या माणसाची वाट पाहते.

म्हणून आम्ही तीन गोष्टी मागतो. चालकाने नोंदविलेल्या प्रत्येक ब्रेकच्या तक्रारीची प्रत कंत्राटदारापाशी न थांबता उपक्रमाकडे जावी. एकाच जातीच्या गाड्यांच्या तक्रारी एकत्र मोजल्या जाव्या. कारण खेपेचा दोष मोजणीवाचून दिसत नाही. आणि गाडी परत बोलाविली गेली, तर किती दुरुस्त झाल्या व किती राहिल्या, हा आकडा थांब्यावरच्या माणसालाही वाचावयास मिळावा. आपल्याकडूनही थोडे घडावे. मूठ ओढूनही गाडी सरकते आहे असे दिसले, तर चालकावर ओरडण्यापेक्षा गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून बेस्टला कळवावी. आणि चालक ‘ही गाडी मी काढत नाही’ म्हणाला, तर उशिराबद्दल त्याला बोल लावू नये. गाडीवानाने दगड लावला म्हणून त्याच्यावर कोणी रागावत नसे.